मांडव घालून

केसपेपरच्या खिडकीतून चारदा दुमडलेला तो कागद आत आला तेव्हा रुपाला वाटलं, हा आपणच कधीतरी लिहिलेला कागद आहे आणि कुणीतरी तो परत करायला आलंय. वर नुसतं 'रुपा' एवढंच होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि इतकं दाबून की कागदाच्या मागच्या अंगाला ती दोन अक्षरं फुगून आली होती. डोक्यावरची रेघ दोन अक्षरांपुरती थांबलेली नव्हती; या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेली होती, आणि अक्षरं तिच्याखाली लोंबत होती. 'र'ची मुरड वाजवीपेक्षा मोठी, 'पा'चा काना बाहेरच्या बाजूला कललेला. शंकाच नको. हे तिचं अक्षर होतं. पण शहापुरातल्या दवाखान्यात दिवसाला शंभर-सव्वाशे केसपेपर भरणाऱ्या बावीस वर्षांच्या रुपाचं नव्हे, तर धसईच्या पुढच्या, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतल्या शाळेत दुसरीला असलेल्या रुपाचं. असं लिहायचं तिनं सोडलं त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. मग हे कोण लिहितंय, असं मनात आलं आणि तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

खिडकीपलीकडे भागी उभी होती. वाडीत त्यांच्या घराला लागूनच भागीचं घर. गुडघा दाखवायला आली होती. हातात काठी, खांद्याला पिशवी, आणि एवढ्या रांगेत आपली ओळख निघाली म्हणून तोंडावर थोडा तोरा. "तुज्या आयनं दिलाय," ती म्हणाली. "तुज्याच हातात दे म्हंगाली."

"कुणाकडून लिहून घेतलं तिनं?"

"आता गो बाय! कुनाकडं गेली नाय ती. घरात बसून लिवलाय. चार दिस लागलं तिला."

"आय लिहिते?"

"मंग काय मी लिवते?" भागी हसली. मागच्या माणसानं ढकललं म्हणून त्याच्यावर डाफरली, आणि मग पुन्हा खिडकीत तोंड घालून म्हणाली, "जबाब द्यायचा आसंल तं चारच्या आत दे. चारच्या मुरबाड गाडीनं जाते मी. ती चुकली तं पुढं धसईला काय मिळत नाय."

नाव, वय, गाव विचारायचं राहिलंच, म्हणून रुपानं खाली पाहिलं, तर भागीचा केसपेपर भरून झाला होता. कधी भरला ते तिला कळलंही नव्हतं. हाताचं हे असंच. ओळखीच्या वाटेवरचा बैल जसा, गाडीवाला पेंगला तरी गाडी बरोबर दारात आणून उभी करतो. कुणाला ताप, कुणाला विंचू चावलेला, कुणाला नुसतंच कसंतरी होतंय; हात आपला नाव-वय-गाव करत पुढं. अक्षरं उजवीकडे पळत सुटलेली, एकात एक पाय अडकलेली, आणि डोक्यावर रेघ म्हणून नाही. रेघेला वेळ कुणाला होता? या हाताचा तिला अभिमान होता. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, रुपाच्या खिडकीपुढं रांग टिकत नाही. आज मात्र तिला तो हात जरा परका वाटला. तिनं पेन खाली ठेवलं, बोटं मिटली, उघडली, आणि ओरडली, "चला, पुढचं कोण?"

एक वाजेपर्यंत कागद ड्रॉवरमध्ये पडून राहिला. मग प्रेमा सिस्टरला खिडकीवर बसवून ती एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवायच्या खोलीत गेली. तिथं एक स्टूल होतं, वर एक जाळीची खिडकी, आणि कुणी येत नसे. डबा तिनं उघडलाच नाही. आधी कागद उघडला. आत पाच ओळी होत्या, आणि पाची ओळींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा. शब्द कुठं संपतो, कुठं सुरू होतो याचा पत्ता नाही. वाचायला तिला थोडा वेळ लागला. 'रुपा तुजी तीन पत्रा आली मला अक्षर लागत नाय कुनाकडून वाचून घेनार नाय तू मांडव घालून लिव मंग मी वाचीन आय.'

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती 'मांडव'पाशी अडली. मांडव! हा शब्द त्या दोघींशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हता, आणि रुपा तर तो विसरून गेली होती. शाळेतले धाऊ गुरुजी अक्षर शिकवायचे ते आधी तोंडानं. 'क' काढायचा तर सगळ्या वर्गानं हात वर करून हवेत काढायचा आणि ओरडायचं, "उभी काठी, डावं पोट, उजवा आकडा!" मग पुढच्या पोराच्या पाठीवर बोटानं काढायचा. पाठीला कळला तर तो बरोबर. पाठीला नाही कळला तर काढणाऱ्याचा कान गुरुजींच्या हातात. पाटीला हात लावायची परवानगी त्यानंतर. रुपाच्या पुढं कुणी बसत नसे, ती पहिल्या रांगेत, म्हणून तिचा सराव राहायचा. ती घरी येऊन आयच्या पाठीवर तो करायची. लहानी, तिची आय, ओटीवर बसून सुपात तांदूळ पाखडायची, आणि ही मागं उभी राहून तिच्या पाठीवर बोटानं लिहायची. "ओळख, कंचा?" आय म्हणायची, "ह." "ह नाय, भ!" पाठीला वरची बाजू कळत नसे, अक्षर कुठं सुरू झालं तेच समजत नसे, म्हणून मग आयनंच युक्ती काढली. "आदी वर रेघ वढ गो. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मांडव घाल. म्हंजी मला कळंल, खाली लोंबतंय ते काय हाय ते." दारापुढं शिराळ्याचा मांडव होताच, त्याच्यावरून ते नाव. तेव्हापासून रुपा आधी मांडव घालायची आणि मग एकेक अक्षर खाली टांगायची. पाठीवर तसं, पाटीवर तसं, वहीतही तसं. धाऊ गुरुजींनी त्यासाठी पट्टी काढली. आधी अक्षरं, मग रेघ, ही रीत आहे, ते बजावायचे. पट्टी खाऊन रुपा परत मांडवच घालायची, कारण शाळेत गुरुजी होते, पण पाठ घरी होती.

आणि ही बाई शिकत होती! रुपाला आत्ता, त्या फिल्मच्या वासाच्या खोलीत, ते एकदम कळलं. तिला सगळा वेळ वाटत आलं होतं की आय नुसती हसतेय, चुका करतेय, पोरीला खेळवतेय. 'ह' म्हणतेय 'भ'ला. पण पाखडता पाखडता ती पाठ अक्षरं घेत होती. एक वर्षभर रोज संध्याकाळी, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत, बाराखडीसकट. पुढं दुसरीतली ती दुरेघी वही आयनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती, हेही तिला माहीत होतं. 'रद्दीत दे' म्हणून ती एकदा चिडलीही होती. आता पेटीतली वही आणि पाठीवरची बोटं यांची सांगड त्या म्हातारीनं एकटीनं कधी घातली, कशी घातली, कोण जाणे. म्हातारी तरी कसली, पंचेचाळीसची असेल.

तिसरीतली एक गोष्ट तिला आठवली. एकदा घरी शुद्धलेखन लिहिताना तिचं लक्ष आढ्यावरच्या पालीकडं गेलं. पाल किडा धरणार इतक्यात निसटला, आणि रुपानं खाली पाहिलं तर तीन शब्द लिहून झालेले होते. तिनं न पाहता, न ठरवता. ती घाबरून आयकडं धावली. "आय, माजा हात आपोआप लिवतो!" आयनं हात पाहिला, उलटा केला, पालथा केला, आणि तिचा चेहरा उतरला. पोरीच्या हातात कुणी शिरलं की काय? तिनं मीठ-मोहऱ्या आणल्या, हातावरून सात वेळा ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. बापानं, मंगळूनं, विचारलं, "काय झालं?" तर आय म्हणाली, "काय नाय, हाताला नजर लागली." दुसऱ्या दिवशी धाऊ गुरुजींना हे कळलं तेव्हा ते एवढे हसले की खुर्ची मागं गेली. म्हणाले, "अगो येडे, यालाच शिकणं म्हणतात. आता अक्षर डोक्यातून हातात उतरलं. आता डोकं मोकळं." रुपानं घरी येऊन ते सांगितलं. आयनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "डोकं मोकळं झालं तं मंग आता त्याच्यात काय भरशील?" हे काय विचारणं झालं, असं तेव्हा रुपाला वाटलं होतं.

काय भरलं? बाप त्याच वर्षी सरपणाला गेला तो तापानं फणफणून आला आणि आठवड्यात गेला. पाचवीला आश्रमशाळा. तिथं सगळंच पळत लिहायचं. विज्ञानाचे सर खिडकीबाहेर बघत बघत सांगत जायचे आणि मुलींनी उतरून घ्यायचं. जिचं राहिलं तिचं राहिलं. रुपाची अक्षरं मांडवाखाली निवांत लोंबायची आणि सर दोन वाक्यं पुढं गेलेले असायचे. शेजारी नम्रता नावाची मुलगी बसायची, बाप किन्हवलीला एस. टी.त कंडक्टर. नम्रता रेघच देत नसे. बोडकी, तिरकी, झरझर अक्षरं. रुपाला ते फार मोठ्या घरचं वाटलं. तिनं नम्रताची वही मागून घेतली आणि अख्खा महिना तशी अक्षरं गिरवली, जुन्या अक्षराचा माग राहू नये इतकी. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा आयनं वही उघडून बघितली. "ही कुनाची अक्षरा?" "माझी." "मांडव कुठं गेला?" "त्याच्यात टाइम जातो, आय." आयनं वही मिटली. तेव्हा ती वही वाचू पाहत होती, हे रुपाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला वाटलं, अडाणी बाई चित्रं बघतेय.

आणि मग ते. ते आठवायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं, पण ठरवून काय होतं? बारावी झाली त्या वर्षी शेणव्याहून पाहुणे आले. मुलगा बरा होता, शेती बरी होती, आणि आयनं तिला न विचारता शब्द देऊन टाकला होता. रुपाचं डोकं फिरलं. सहा-सात माणसं ओटीवर बसलेली, आय चहा देतेय, आणि रुपा दारातून म्हणाली, "अंगठेवालीनं माझं ठरवायचं नाय. जिला स्वतःचं नाव लिवता येत नाय ती माझं काय लिवनार?" आयनं हातातली कपबशी खाली ठेवली. स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडं पाहिलं, आणि पदराचं टोक घेऊन तो पुसला. जसं काही तिथं अजून शाई होती. एवढंच. रागावली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी रुपा शहापूरला निघाली तेव्हा तिनं तांदळाचं गाठोडं बांधून दिलं आणि आत गेली. त्या अंगठा पुसण्यानं रुपाला चार वर्षं झोप नीट लागू दिली नव्हती. खोलीवर एकटीनं भात शिजवताना, रविवारी कपडे वाळत घालताना, खिडकीवर कुणी अंगठा उठवायला लागलं की तिला ते दिसायचं. आणि तरी ती घरी गेली नव्हती. तीन पत्रं टाकली होती. पहिल्यात खुशाली. दुसऱ्यात खुशाली, आणि आजारी होते म्हणून. तिसऱ्यात मात्र तिनं लिहिलं होतं, 'तू फक्त ये म्हण, मी दुसऱ्या दिवशी निघते.' या गोष्टीला दोन वर्षं झाली. उत्तर आलं नाही. पत्र पोस्टमन वाचून दाखवतोच, वाडीत सगळ्यांना दाखवतो, म्हणजे आयनं ऐकलं आणि 'ये' म्हणाली नाही. रुपानं ते असं धरलं आणि त्या धरण्यावर दोन वर्षं काढली.

ती उठून बाहेर आली. भागी बाकावर पाय लांब करून बसली होती, हातात एक्स-रेचं पाकीट, त्याच्याकडं परक्याच्या लग्नपत्रिकेकडं बघावं तशी बघत. रुपा तिच्या शेजारी बसली. "भागीमावशे, पोस्टमनकडनं का नाय वाचून घेतली पत्रं?"

"मी सांगितला की नाय तिला? धा वेळा सांगितला. पोस्टमन व्हता, गुरुजी व्हता, देवजीचा पोर धावीत हाय. ती काय आयकते का? म्हंगाली, माजी पोर माज्याशी बोल्लेय, ते दुसऱ्याच्या तोंडून कशाला आयकू? म्हंगाली, मला अंगठेवाली म्हनून गेली ना, मंग तिचा कागद मीच वाचनार." भागीनं गुडघ्यावर हात फिरवला. "तुज्यावर रागावलेय आसं नको समजू. खुळी झालेय नुसती. सांज झाली का पेटी उगडायची, तुजी ती वही काडायची, आन जमिनीवर राखेत बोट फिरवायची. दोन वर्सा झाली. पैल्या वर्साला तं मला वाटला, काय करनी-बिरनी करते का काय."

रुपाला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं. ती रागावलेली नव्हती. दोन वर्षं ती 'ये' म्हणत नव्हती, कारण तिला विचारलेलंच कळलं नव्हतं. आणि इकडं रुपा एकटीनं भात गिळत होती. कुणाला सांगावं हे? डॉक्टरांना? प्रेमा सिस्टरला? तिला भागीला मिठी मारावीशी वाटली, पण भागीनं दुखरा पाय लांब केलेला होता.

घड्याळात अडीच वाजले होते. प्रेमाला आणखी थोडा वेळ बस म्हणून तिनं विनवलं, समोरच्या दुकानात गेली आणि पेन्सिल आणि दुरेघी वही मागितली. दुकानदारानं वही काढता काढता विचारलं, "कितवीत आहे मुलगी?" रुपाच्या तोंडून निघून गेलं, "दुसरीत." "अक्षर चांगलं करून घ्या आत्ताच," तो म्हणाला, "पुढं हात बसला की बदलत नाही."

ते त्यानं उगाच म्हटलं, पण पंधरा मिनिटांत तिला त्याची प्रचिती आली. फिल्मच्या खोलीत स्टुलावर वही ठेवून, खाली उकिडवी बसून तिनं लिहायला घेतलं. मांडव घातला. इथपर्यंत ठीक. मग 'आय' लिहायला गेली आणि हात सुटला. 'अ'चं वरचं वळण व्हायच्या आत खालचं झालं, काठी तिरकी झाली, 'य' मागच्याला जाऊन चिकटला. खोडलं. हळू, असं तिनं हाताला सांगितलं. हळू केलं तर अक्षर थरथरायला लागलं, म्हातारीनं काढल्यासारखं. काठी कुठून सुरू करायची? वरून का खालून? पोट आधी का काठी आधी? बावीस वर्षांची बाई, कॉलेजच्या वह्या लिहिलेली, आणि तिला 'क' कसा काढतात ते सांगता येईना. धाऊ गुरुजींची ती आरोळी आठवायला गेली तर 'क'ची आठवली, 'म'ची आठवेना. जे तिच्या डोक्यातून हातात उतरलं होतं ते हातानं केव्हाच बदलून टाकलं होतं, आणि डोक्यात तर त्याची जागाही उरली नव्हती. ती दुसरीतली पोरगी तिनं स्वतःच घासून घासून पुसली होती, नम्रताच्या वहीवर, महिनाभर. आता ती पोरगी फक्त एका ठिकाणी होती, डोंगराखाली, दुसऱ्या बाईच्या हातात. चार पानं खराब झाली. सव्वातीन वाजले. तिला मोठ्यानं रडायला आलं आणि ती रडली, वहीवर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून.

मग तिनं आयची चिठ्ठी समोर ठेवली आणि नुसतं बोट ठेवलं तिच्यावर. पेन्सिल नाही, नुसतं बोट. पहिल्या मांडवावरून बोट सरकवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि 'र'च्या मुरडीत घातलं. कागद खरबरीत होता, दाबून काढलेलं अक्षर खाचेसारखं हाताला लागत होतं. आणि बोट गेलं! थांबलं नाही, घसरलं नाही, बरोबर मुरडीतून खाली उतरलं. बोटाला घाई माहीतच नव्हती. विज्ञानाच्या सरांनी बोटाला काही शिकवलं नव्हतं. पळायला शिकलं होतं ते पेन धरलेल्या हातानं. बोट अजून तिथंच होतं, ओटीवर, मळकट चोळीच्या पाठीवर, घामानं जरा ओलसर, पाखडताना हलणाऱ्या. तिला ती पाठ बोटाच्या टोकाला जाणवली, मणक्याची गाठ जिथं 'व'ला नेहमी आडवी यायची ती सुद्धा. तिनं डोळे मिटून सगळी चिठ्ठी बोटानं लिहिली. मग वहीच्या कोऱ्या पानावर आधी बोटानं, आणि बोट पुढं जाईल तसं त्याच्यामागून पेन्सिलीनं, एकेक अक्षर. फार सांगायचं होतं. चार वर्षांचं होतं. पण असं लिहायचं म्हणजे एका अक्षराला किती वेळ! चाराला दहा कमी असताना पानावर एवढंच होतं: 'आय मी चुकली मी येते.' मांडव कडेपासून कडेपर्यंत. 'च'चं पोट जरा वाकडं झालं होतं, पण ते तेव्हाही होत असे.

भागी दवाखान्याच्या पायरीवर उभी होती, पाऊल टाकायच्या बेतात. रुपानं पान घडी घालून तिच्या हातात दिलं. भागीनं ते वजन केल्यासारखं हातात धरलं. "येवडाच?"

"येवढाच."

"तासभर बसलीस ना आत?" भागीनं पान पिशवीत टाकलं, आणि टाकता टाकता कपाळाला हात लावला. "आगो, इसरलीच की मी! ह्यो बी दिला व्हता. म्हंगाली, ह्यो दाव तिला. कुठं आडला ते तिला कळंल."

ते तिचंच पत्र होतं. तिसरं. घड्या पडून पडून मऊ झालेलं. रुपानं ते पायरीवरच उघडलं. तिच्या त्या बोडक्या, पळत्या अक्षरांवर आयनं पेन्सिलीनं मांडव घातला होता. प्रत्येक ओळीवर, कडेपासून कडेपर्यंत, अक्षरं जिथं खाली घसरली होती तिथं रेघही त्यांच्या मागं खाली घेऊन, कुणी सुटू नये म्हणून. पहिल्या ओळीतल्या 'आय'खाली तिनं बारीक टिंब दिलं होतं. हे लागलं. शेवटच्या 'रुपा'खाली टिंब होतं. मध्ये कुठं 'भात', कुठं 'मी'. आणि खालून तिसऱ्या ओळीवर, 'तू फक्त ये म्हण' वर, मांडव एकदा नव्हे, पाच-सहा वेळा घातलेला होता. रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, आणि त्या दाबानं कागद तिथं फाटला होता. त्या ओळीत टिंब एकही नव्हतं.

रुपानं पत्राची घडी घातली आणि मान वर केली. भागी रस्त्यापर्यंत पोचली होती. आतून प्रेमा हाका मारत होती, "अगं रुपा, रांग बघ केवढी झालीय!" रुपा आत गेली. पेन उचलून प्रेमाच्या हातात दिलं, खिळ्यावरची पर्स घेतली. "डॉक्टरांना सांग, मी घरी गेले," ती म्हणाली. प्रेमानं विचारलं, "घरी? तुला घर कुठाय?" हे ती सहज म्हणाली. चार वर्षांत रुपानं तिला कधी काही सांगितलंच नव्हतं.

मुरबाड गाडी सुरू होऊन थरथरत उभी होती. भागीला खिडकीची जागा मिळाली होती आणि ती काठी सीटखाली सरकवत होती. रुपा येऊन तिच्या बाजूला बसली तशी भागीनं आधी तिच्याकडं, मग पिशवीकडं पाहिलं.

"आता तूच येतेस, तं मंग ह्यो कागद कुनाला दिऊ?"

"तिलाच दे. जाशील तशी दे. मी तुज्या ओटीवर बसते तवर. तिचा वाचून होऊ दे."

भागीला हसू फुटलं. गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली. थोड्या वेळानं तिला काळजी वाटली असावी. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, "आन नाय लागला तं गो तिला?"

"लागंल," रुपा म्हणाली. "मांडव घातलाय."